पोरगी दमलीय, पण कशानं?

रविवारची वंदना संपली की विहाराच्या पायरीवर आमचा दवाखाना भरतो. दवाखाना म्हणजे काय, तर रक्तदाबाचं एक यंत्र, साखर तपासायचं एक मशीन, एक वजनकाटा आणि आम्ही दोघी-तिघी. खारघरच्या टॉवरांमध्ये पोळीभाजी, झाडूपोछा, बाळ सांभाळणं अशी कामं करणाऱ्या आपल्या बाया आठवड्यातून एवढ्या दोन तासांत सापडतात. त्यातही निम्म्या घाईत असतात, कारण रविवारी साहेब-मॅडम घरी असतात आणि स्वयंपाक जास्त असतो.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी एक ताई रांग सोडून थेट पुढं आली. आम्ही यंत्राची पट्टी उघडली, तर तिनं दंडाऐवजी मोबाइल पुढं केला.

“सिस्टर, माझं राहू द्या. हिचं बघा न जी. पोरगी पार सुकून चालली.”

तिची लेक अख्ख्या वस्तीला माहीत आहे. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातली ७५ मुलं-मुली दरवर्षी परदेशी उच्च शिक्षणाला जातात. त्या यादीत हिचं नाव आलं तेव्हा विहारात सत्कार झाला होता आणि सत्काराच्या हारात ती पार बुडून गेली होती. आता ती इंग्लंडात शेफील्ड या शहरात एका वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण घेते.

मोबाइलमध्ये फोटो होते. एकात केस ओले, डोळे लाल. एकात बसच्या खिडकीला डोकं टेकून गाढ झोपलेली, तोंड उघडं. एकात गुडघ्यापर्यंत चिखल. आणि खाली रोजचा एकच निरोप: आई, आज खूप दमले गं.

“तिथं हिला राबवून घेत असतील का हो? आमच्यापासून लपवून धुणीभांडी करत असेल का?” ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. दमणं म्हणजे राबणं, एवढाच दमण्याचा अर्थ तिला तिच्या आयुष्यानं शिकवला होता.

नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही बरीच वर्षं वॉर्डात काढली, नंतर नोकरी सोडून वस्त्यांमध्ये फिरायला लागलो. पण वॉर्डाची सवय जात नाही. तरणी पोर रोज थकवा सांगते म्हटल्यावर आमच्या डोक्यात यादी सुरू झाली: रक्त कमी, थायरॉइड, टीबी, जेवण सोडलंय का, मनानं खचलीय का. तिसऱ्या प्रहरी फोन लावायचं ठरलं. हिवाळ्यात इंग्लंड आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं, आपले साडेतीन म्हणजे तिथले सकाळचे दहा.

पोरगी फोनवर आली ती हसतच. आम्ही एकेक विचारत गेलो. झोप लागते का? “मावशी, पडल्या पडल्या लागते.” भूक? “राक्षसासारखी. काल सहा पोळ्या खाल्ल्या.” पाळी वेळेवर? खोकला, ताप, वजन उतरलंय? काही नाही. सकाळी उठल्यावर कसं वाटतं? “पाय दुखतात, पण आज काय करायचं हे आठवलं की उठावंसं वाटतं.” मग दमतेस कशानं?

तेव्हा तिनं सांगायला सुरुवात केली. सोमवारी पोहण्याचा वर्ग, अगदी न येणाऱ्यांसाठीचा. बुधवारी गिटार, मैत्रिणीची उसनी. शनिवारी सकाळी नऊला बागेत पाच किलोमीटर पळणं. पार्करन म्हणतात त्याला. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली सुरू झालं, आता सगळ्या इंग्लंडभर होतं, आणि एक पैसा लागत नाही. कुणी पळतं, कुणी नुसतं चालतं. म्हातारी माणसं असतात, बाबागाडी ढकलत पळणाऱ्या आया असतात. रविवारी डोंगर. एकदा बर्फावर घसरायचे बूट घालून बघितले आणि माकडहाडावर आपटली, तेवढं मात्र आईला सांगितलेलं नव्हतं. सुट्टीत रात्रीच्या बसनं एडिंबरोला गेली, दिवसभर पायी फिरली, पुन्हा रात्रीच्या बसनं परत. तो झोपलेला फोटो त्या बसमधला.

“मावशी, मी इतकी दमते आणि मला इतकं छान वाटतं की मला रडायला येतं कधी कधी,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “पाण्यात पहिल्यांदा उतरले ना, तेव्हा महाड आठवलं. कुणी विचारलं नाही, कुठली म्हणून.”

आम्ही फोन ठेवला. ताईचा जीव भांड्यात पडला. आणि पाचच मिनिटांत तो भांड्यातून उसळून वर आला.

“म्हणजे शिष्यवृत्ती पोहायला दिली का हिला? बाबासाहेब लंडनला पापड भाजून खायचे नि अभ्यास करायचे. नि ही गिटार वाजवते!”

हे एकट्या ताईचं बोलणं नाही. परदेशी गेलेल्या आपल्या पोरांचे फोटो वस्तीत आले की हेच कानावर येतं: समाजानं पाठवलं आणि हे मजा मारतात. म्हणून यावर थोडं बोलायला हवं.

बाबासाहेबांच्या कष्टाबद्दल आम्हाला कुणी सांगायला नको. पण कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात त्यांनी घेतलेल्या विषयांची नोंद आजही आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. आणि यांच्या शेपटाला प्राथमिक फ्रेंचचा एक, प्राथमिक जर्मनचा एक. पाटी कोरी असताना नवं काही शिकायला बसण्याची हौस त्या माणसाला होती. पुढं उतारवयात, मधुमेहानं शरीर पोखरलेलं असताना, ते शिक्षक ठेवून व्हायोलिन शिकले. चित्रं काढायला शिकले. दिल्लीच्या बंगल्यात बाग फुलवली. हे आपल्या भाषणांमध्ये येत नाही. आपल्या भाषणांत फक्त अठरा तास अभ्यास येतो आणि तो ऐकून दहावीची पोरं चार तास झोपतात, मग परीक्षेच्या हॉलमध्ये चक्कर येऊन पडतात. आम्ही अशी दोन पोरं उचलून नेलेली आहेत.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी लिहिलंय की युरोप-अमेरिकेत काही वर्षं राहिल्यावर आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. बडोद्याला परतल्यावर कुठं उतरायचं हा प्रश्न पडला आणि ती पुन्हा उगवली. आमच्या मते परदेशातल्या पोरीचं पाण्यात उतरणं समजून घ्यायचं तर ते इथून समजून घ्यावं. आपलं खारघर ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला हजारो माणसं चालून गेली. त्यांच्या पणत्यांच्या वयाची पोरगी तलावात तासभर हातपाय मारते आणि दमून बाहेर येते, तर ते वाया घालवलेले पैसे कसे? (तिथल्या भारतीयांमध्येही आडनाव विचारणारे भेटतातच. जात विमानात बसून गेलेली आहे. पण पोहायच्या तलावावर बसलेली नाही, हेही खरं.)

ज्या डोंगरावर तिचे पाय चिखलानं भरले, त्याची गोष्टही तिनं नंतर पाठवली. शेफील्डला लागूनच पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. त्यात किंडर स्काउट हा ६३६ मीटरचा माथा, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. कधीकाळी ही डोंगरं उमरावांच्या शिकारीसाठी राखलेली होती. आठवडाभर गिरण्या-कारखान्यांत धूर खाणाऱ्या कामगारांना रविवारी तिथं पाय ठेवता येत नसे. २४ एप्रिल १९३२ ला चारएकशे कामगार पोरं-पोरी मुद्दाम चढून गेली. राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना पकडलं, पाच जणांना तुरुंग झाला. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता, त्याला चार महिने मिळाले. पुढं १९५१ साली हाच मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. मोकळ्या हवेत आपल्या मर्जीनं दमणं हासुद्धा तिथल्या कष्टकऱ्यांनी भांडून घेतलेला हक्क आहे. महाडनंतर पाच वर्षांनी.

हे सगळं ताईला एका बैठकीत पटलं नाही. पण ती “पोहू दे मग” एवढं म्हणाली.

आता आरोग्याच्या पानावर आरोग्याचं बोलू. थकव्याचे दोन प्रकार घरच्या घरी ओळखता येतात. चांगला थकवा झोपेनं जातो. भूक वाढते, सकाळी अंग दुखलं तरी मन ताजं असतं. नवा व्यायाम केला की स्नायू दुखतात. ते त्या दिवशी कमी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात आणि आठवड्याच्या आत आपोआप थांबतात. त्याला गोळी लागत नाही. वाईट थकवा मात्र आठ तास झोपूनही तसाच राहतो. चार पायऱ्या चढल्या की धाप, उभं राहिलं की अंधारी, केस गळणं, पाय सुजणं, पंधरा दिवसांवर खोकला, कारण नसताना वजन उतरणं, नाही तर जे आवडायचं तेही नकोसं होणं. यातलं काही असलं तर “काम जास्त झालं” म्हणून सोडून देऊ नका. आणि एक गोष्ट पळणाऱ्या-पोहणाऱ्या तरुणांसाठी: फार जोराच्या व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. स्नायू फुटून त्याचा मूत्रपिंडावर भार येतो आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

पोरीचं सगळंच आलबेल होतं असंही नाही. आम्ही पुन्हा फोन केला तेव्हा खोदून विचारलं. शिकायला गेलेल्या मुलांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं. ती एका कॅफेत तेवढं पुरेपूर करत होती. त्यात अभ्यास, त्यात पोहणं, त्यात डोंगर. आठवड्यातल्या तीन रात्री पाच तासांची झोप. “एकच वर्ष आहे मावशी, पुन्हा कधी मिळणार?” हे तिचं म्हणणं आम्हाला समजतं. वस्तीतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला हे वाटतं, की दार पुन्हा बंद होणार, तेवढ्यात सगळं बघून घ्यावं. पण आनंदाचा थकवासुद्धा उसना काढता येत नाही, शरीर व्याज लावतंच. आम्ही तिला आठवड्यातली एक संध्याकाळ पूर्ण रिकामी ठेवायला सांगितली. तिनं गुरुवार ठेवला. गिटार आपोआप सुटली म्हणे, बोटं फार दुखत होती.

दुसरं, तिथला हिवाळा. डिसेंबरात शेफील्डला चारच्या आत सूर्य मावळतो. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला कमी उन्हात ड जीवनसत्त्व पुरेसं बनवता येत नाही. तिथली सरकारी आरोग्यसेवा सगळ्यांनाच शरद आणि हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते आणि सावळ्या-काळ्या त्वचेच्या लोकांना वर्षभर घेण्याचा विचार करायला सांगते. पोरीला हे माहीत नव्हतं. तिसरं म्हणजे तिथल्या डॉक्टरकडं नाव नोंदवणं. व्हिसाबरोबर आरोग्यसेवेचे पैसे आधीच भरून घेतलेले असतात, पण आपली मुलं आजारी पडेपर्यंत नाव नोंदवत नाहीत आणि इथून नेलेल्या गोळ्यांवर दिवस काढतात. तुमच्या घरातलं कुणी बाहेर असेल तर आजच विचारा.

चौथी गोष्ट आपल्या समाजासाठी जास्त महत्त्वाची आहे. ताईचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं. विदर्भात, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडं, आदिवासी बांधवांबरोबर आपल्या समाजातही सिकलसेल आढळतो. सिकलसेलचा आजार असलेल्या माणसाला अतिश्रम, पाणी कमी पडणं, थंडगार पाण्यात उतरणं, उंच डोंगरावरची विरळ हवा यांतून असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. जो फक्त वाहक असतो त्याला एरवी त्रास होत नाही, पण त्यानंही भर उन्हात, पाणी न पिता जिवावर उदार होऊन पळू नये. लग्नाआधी आणि असे छंद सुरू करण्याआधी एकदा तपासणी केलेली बरी. रक्ताच्या काही थेंबांची चाचणी आहे, सरकारी दवाखान्यात होते. केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीमही १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. पोरीनं तिथं चाचणी करून घेतली, ती वाहकसुद्धा निघाली नाही.

एवढं सगळं पोरीचं झालं. आईचं राहिलंच होतं.

खरं तर पहिल्याच रविवारी ते आमच्या डोळ्यांसमोर होतं. ताई विहाराच्या चार पायऱ्या चढून आली आणि बोलायच्या आधी तिनं खांब धरला होता. पापणी खाली ओढून बघितली असती तर आतला पांढरा रंग तेव्हाच दिसला असता. पण आम्हीही तिच्याबरोबर मोबाइलमध्येच बघत बसलो. हे आमच्या धंद्याला शोभलं नाही, म्हणून इथं कबूल करतो.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला धरून बसवलं. वय ४३. पहाटे साडेचारला उठणं, पाणी भरणं, तीन घरांच्या पोळ्या, एका घरी म्हाताऱ्या बाईंची अंघोळ, दुपारी तीनला घरी, पुन्हा संध्याकाळी एक घर. थकवा? “तो तर आहेच की. बाईच्या जातीला असतोच.” पाळी? आठ-आठ दिवस जाते, गाठी पडतात, दोन वर्षं झाली. दाखवलं नाही? दाखवलं होतं एका ठिकाणी. वयाचं आहे म्हणाले, आणि ताकदीचं टॉनिक लिहून दिलं.

“रमाईनं नाही का सोसलं,” ताई म्हणाली.

आम्ही तिला रमाईचं वय विचारलं. तिला ठाऊक नव्हतं, आणि आम्हाला वाटतं बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ चा, निधन २७ मे १९३५ ला. सदतीस वर्षं. बाबासाहेब परदेशी शिकत होते तेव्हा या माउलीनं इथं गोवऱ्या थापून घर चालवलं, लेकरं गमावली आणि अखेर दीर्घ आजारानं गेली. त्या सोसण्याची आपण गाणी म्हणतो, म्हणायलाच हवीत. पण जयंतीला रमाईच्या त्यागावर तासभर बोलणाऱ्या किती भावांनी आपल्या घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन तपासलंय, हा प्रश्न आम्ही दर ७ फेब्रुवारीला विचारतो आणि दरवर्षी मंडपात शांतता पसरते.

ताईचं हिमोग्लोबिन ८.१ निघालं. आपल्यासारख्या बाईला गरोदर नसताना ते निदान १२ असायला हवं. ११ च्या खाली आणि ८ पर्यंत मध्यम रक्तक्षय, ८ च्या खाली तीव्र. म्हणजे ही बाई काठावर उभी राहून चार घरांच्या पोळ्या लाटत होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. आपल्या विहाराच्या पायरीवर बसणाऱ्या दर दोघींतली एक, असं समजा.

सोनोग्राफीत गर्भाशयात लहान गाठ दिसली. इथं सावध राहायला हवं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सरसकट काढल्याचं प्रकरण २०१९ साली गाजलं, त्यानंतरही “पिशवी काढून टाका” हा सल्ला स्वस्तात मिळतो. गाठ असली म्हणजे पिशवी काढायचीच असं नसतं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. ताईच्या बाबतीत औषधानं रक्तस्राव आटोक्यात आला.

सिकलसेलची चाचणी करून, ती नाही हे बघूनच लोहाची गोळी सुरू केली. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही. पुढं-मागं तासभर चहा टाळायचा, लिंबू पिळून पाणी प्यायचं. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घ्यायची, बंद करायची नाही. जेवणात सुकट, जवळा, कलेजी, पालेभाजी, अळीव जमेल तसं. पण रक्त इतकं उतरल्यावर नुसत्या खाण्यानं भरत नाही, गोळी लागतेच. आणि आकडा १२ वर आला तरी गोळी आणखी तीनेक महिने चालू ठेवायची, म्हणजे शरीरातला साठा भरतो. बहुतेक बाया इथंच चुकतात, बरं वाटलं की गोळ्यांची पट्टी कपाटावर जाते.

फेब्रुवारीच्या शेवटी ताईचं हिमोग्लोबिन ११.२ झालं. आणि मग एक गंमत झाली.

शरीरात जीव आल्यावर ताईला संध्याकाळी तासभर मोकळा सापडायला लागला. त्या तासाचं काय करायचं हे तिला कळेना. आजवर असा तास कधी आलाच नव्हता. पोरगी फोनवर मागं लागली, तूही काहीतरी शीक. “या वयात?” बाबासाहेबांचं व्हायोलिन आम्ही पुन्हा बाहेर काढलं. शिवाय आणखी एक गोष्ट सांगितली. ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात २०२३ साली १६ देशांमधल्या ६५ वर्षांवरील ९३ हजारांहून जास्त माणसांचा अभ्यास आला. छंद असलेल्या माणसांमध्ये उदासीची लक्षणं कमी आणि आयुष्याबद्दलचं समाधान जास्त आढळलं. छंदामुळंच तसं झालं, हे अशा अभ्यासातून ठामपणे म्हणता येत नाही, तरी रस्ता वाईट नाही.

“छंद म्हणजे पैसेवाल्यांचं काम,” शेजारची दुसरी ताई म्हणाली. “आम्ही दिवसभर हलतोच की, आम्हाला कशाला व्यायाम?” हे अर्धं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते आणि घरकाम, मजुरी हीसुद्धा हालचालच आहे. पण ओट्याशी वाकून तेच हात तसेच चार तास हलवण्यात कंबर झिजते, दम वाढत नाही. मन तर तिथं नसतंच, ते घड्याळावर असतं. पाय तेच असतात, पण कुणाच्या हुकमावर चालले यानं झोपेत फरक पडतो. हे आम्ही पुस्तकात वाचलेलं नाही, रात्रपाळीत आणि आंदोलनात दोन्हीकडं पाय दुखवून घेतल्यावर कळलेलं आहे.

ताईनं निवडली सायकल. लहानपणी गावात भावाला मिळाली होती, तिला बसू दिलं नव्हतं. ते तिच्या डोक्यात पस्तीस वर्षं राहिलं होतं. वस्तीतल्या एका पोराची जुनी सायकल मागितली. रविवारी पहाटे, रहदारी नसताना, सेंट्रल पार्ककडच्या रुंद रस्त्यावर आम्ही पाच जणी गेलो. नवी मुंबई मेट्रोचा हा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाला, सेंट्रल पार्कचं स्टेशन अगदी तिथंच. पण आमच्या पाचांपैकी तिघी त्यात कधी बसलेल्याच नव्हत्या. रोज तिच्या खांबांखालून कामाला जातात. तर येताना त्याही बसल्या, बेलापूरपर्यंत जाऊन परत आल्या, काम काहीच नव्हतं. खिडकीतून खारघरचे डोंगर बघत एक जण म्हणाली, आपण पोळ्या करतो तो टॉवर इथून किती बारका दिसतो.

(पांडवकड्याचा हट्ट मात्र आम्ही मोडून काढला. पावसाळ्यात त्या धबधब्यावर माणसं वाहून गेलेली आहेत, तिथं बंदी उगाच नसते.)

पहिल्या दिवशी ताई तीनदा पडली. कोपर सोलवटलं, आम्ही धुऊन पट्टी केली. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते तिला आठवेना, म्हणून तेही देऊन आणलं. मागून सीट धरून आम्ही आळीपाळीनं पळत होतो, त्यात आमचाच दम निघाला. एकदा धरलेला हात सुटला आणि ती वीसेक पावलं एकटी गेली. थांबायचं कसं ते माहीत नव्हतं म्हणून कुंपणावर गेली, तिथं उतरली आणि हसत बसली. एवढी हसताना तिला आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री तिनं लेकीला आवाजी निरोप पाठवला. लेकीनं तो आम्हाला पुढं पाठवला. मागं भांडी वाजत होती आणि ताई सांगत होती, मांड्या भरून आल्यात, जिना चढवत नाही, उद्या कामाला कशी जाणार कोण जाणे, पण आज मी लई दमले गं.

आता पाचच्या नऊ जणी झाल्या आहेत आणि सायकल एकच, तीही दांड्याची, साडी अडकते. दोघी पंजाबी ड्रेस घालून यायला तयार झाल्या आहेत, एकीच्या सासूनं त्यावरून कुरकुर केली, ती बोलणी चालू आहेत. कुणाच्या घरी दांडा नसलेली जुनी सायकल धूळ खात पडली असेल, तर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या पायरीशी आणून द्या. ब्रेक चालत नसले तरी चालेल, ते आम्ही करून घेऊ. येताना घरातल्या बाईलाही आणा, सुई टोचायला दोन मिनिटं लागतात.